जाहिरातीत न लिहिलेले कौशल्य
नोकरीच्या संकेतस्थळांवरील लाखो जाहिराती चाळून कोणत्या कौशल्यांना मागणी आहे हे शोधण्याच्या कामात उतरणाऱ्यांना पायथन आणि एसक्यूएल या माहिती हाताळण्याच्या संगणकीय भाषा येतात, असे मी गृहीत धरते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सॉफ्टवेअर कंपनी आपल्या जाहिरातीत दहा-दहा साधनांची नावे देते; चाकणचा कारखाना मात्र 'वेल्डर पाहिजेत, आयटीआय पास, अनुभवींना प्राधान्य' एवढेच छापतो, कारण वेल्डरला वेल्डिंग आले पाहिजे हे कोणी लिहीत बसत नाही. शब्द मोजणारा प्रोग्राम मग इमानेइतबारे सांगतो की, वेल्डरला कोणतेच कौशल्य लागत नाही आणि सर्वाधिक मागणी 'संवादकौशल्या'ला आहे. असा आलेख इतका सुबक दिसतो की, त्यातली खोट कळायला मला फार उशीर लागला.

म्हणून प्रत्येक जाहिरातीला आधी राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 या व्यवसायांच्या सरकारी यादीतला संकेतांक द्यावा. त्याचे पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळतात आणि वेल्डर 7212 मध्ये येतो. त्या व्यवसायाच्या वर्णनातील कामे ही मूळ कौशल्ये मानावीत आणि जाहिरातीतले शब्द त्यांवरची भर समजावी. संकेतांक देण्याचे हे काम भाषा-प्रारूप (मजकूर समजून उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता) चुटकीसरशी करते, हे खरे. पण शे-दोनशे जाहिरातींना स्वतः हाताने संकेतांक लावल्याशिवाय त्याच्या चुका ओळखता येत नाहीत. केवळ डॅशबोर्डवरचे आलेख दाखवणाऱ्या आणि रोजगाराच्या सरकारी सर्वेक्षणाची प्रश्नावली कधीही न उघडलेल्या मार्गदर्शकापासून दूरच राहावे.

आवधिक श्रमबल सर्वेक्षण (पीएलएफएस) या त्याच सरकारी सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये 58.4 टक्के कामकरी स्वयंरोजगारात होते, तर नियमित पगारावर केवळ 21.7 टक्के. बीडहून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. त्या कामाची जाहिरात संकेतस्थळावर येत नाही. तेव्हा केवळ जाहिरातींवरून केलेल्या अहवालाच्या शीर्षकात 'भारतीय श्रमबाजार' असे लिहू नये. सर्वेक्षणाची व्यक्तिनिहाय आकडेवारी विनामूल्य मिळते, परंतु गुणक (पाहणीतली एक व्यक्ती किती लोकांच्या वतीने मोजायची तो आकडा) न लावता काढलेली टक्केवारी निरुपयोगी ठरते.

एकच जागा तीन एजन्सींनी छापलेली असते, तेवढी पुनरुक्ती मात्र सहज गाळता येते. संख्याशास्त्राची पदवी नसल्यास घाबरू नये. शॉप फ्लोअरवर काम केलेल्यांना फिटर आणि टर्नर यांच्या कामांतला फरक शिकवावा लागत नाही, आणि संकेतांक लावताना नेमके तेच ज्ञान लागते.