हातातला गेम घेताय? आधी मुद्दाम चुकून बघा

माझ्या भाच्याकडे पाढ्यांचा एक गेम होता. हातात मावेल एवढं यंत्र, पडद्यावर प्रश्न, खाली चार उत्तरं. पठ्ठ्याने दोन दिवसांत शंभराच्या आसपास चांदण्या मिळवल्या. वहिनी खूश. मी सहज त्याच्या शेजारी जाऊन बसले. प्रश्न आला ७ × ६. त्याने प्रश्नाकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिलं बटण दाबलं, टुंग. दुसरं दाबलं, टुंग. तिसरं दाबलं आणि टाळ्या, फुगे, चांदणी! लगेच पुढचा प्रश्न. अंगठा आपला डावीकडून उजवीकडे सरकतोय, पेटीवर सा-रे-ग-म घोटावं तसा. मी यंत्र काढून घेतलं आणि विचारलं, "सात सक?"

"आत्या, ते तिसऱ्या बटणाला होतं."

मी घरी प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवते. त्यामुळे नात्यात कुणाला मुलांसाठी 'शैक्षणिक' गेम घ्यायचा असला की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न असतो, कुठला घेऊ? कंपनीचं नाव मी शेवटी सांगते. आधी एवढंच सांगते, की यंत्र सुरू करून बघायला मिळत असेल तर ओळीने तीनदा मुद्दाम चुका. मिळत नसेल तर कुणीतरी ते खेळतानाचा व्हिडिओ शोधा आणि त्यात तो माणूस चुकतो ती जागा बघा. बरोबर उत्तराला सगळीच यंत्रं टाळ्या वाजवतात, त्यातून काही कळत नाही.

चुकल्यावर काय व्हायला हवं, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या एका खेळण्याला बरोबर कळलं होतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७६ साली 'लिटल प्रोफेसर' काढला. दिसायला कॅल्क्युलेटर, पण काम उलटं: गणित तो घालणार आणि उत्तर मुलाने आकडे दाबून द्यायचं. चुकलं की पडद्यावर नुसतं 'ईईई'. तीनदा चुकलं की बरोबर उत्तर दाखवून पुढचं गणित. दोन वर्षांनी त्याच कंपनीचं 'स्पीक अँड स्पेल' आलं. ते शब्द बोलून दाखवायचं, मुलाने एकेक अक्षर दाबून स्पेलिंग घालायचं. चुकलं तर आणखी एक संधी, पुन्हा चुकलं तर यंत्र स्वतः ते स्पेलिंग म्हणून दाखवायचं. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. उत्तर मुलाला स्वतः तयार करावं लागे, समोरच्या चारांतून उचलता येत नसे. चार पर्याय आणि हव्या तितक्या संधी दिल्या, की चौथ्या बटणापर्यंत कुणीही पोचतं.

म्हणून चुकताना हे बघा. उत्तर लिहायचं, टाकायचं, ओढून जुळवायचं आहे, की निवडायचं? निवडायचंच असेल तर एका चुकीनंतर पर्यायांची अदलाबदल होते का, की चुकलेलं बटण विझून बाकीचे तिथेच राहतात? चुकलेला प्रश्न थोड्या वेळाने परत येतो का? ज्यात तो परत येतो तो गेम मी अर्धा पास करून टाकते. आणि चुकल्याचा आवाज ऐका. एका गेममध्ये उत्तर चुकलं की बेडूक धपकन पाण्यात पडायचा. माझ्याकडची सगळी मुलं त्या बेडकासाठी मुद्दाम चुकायची.

कुठल्या वयाला कुठलं

बाजारात साधारण तीन जातीची यंत्रं असतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पहिली जात फक्त शिकवण्यासाठी बनलेली. लीपफ्रॉगचं २००३ सालचं 'लीपस्टर' हे तिचं ठळक उदाहरण, व्हीटेकचं २०१० सालचं 'मोबिगो' दुसरं. (२०१६ साली व्हीटेकने लीपफ्रॉगच विकत घेतली, त्यामुळे आता ही दोन्ही नावं एकाच घरची.) जाड कडा, मोठी बटणं, लीपस्टरला तर लेखणी दोरीने बांधलेली. ज्याने कुणी ती दोरी बांधली त्याच्या घरी नक्की लहान मूल असणार. चार ते सहा वर्षांच्या मुलाला ही जात ठीक. पण सातव्या वर्षानंतर मूल त्याला 'बाळांचा गेम' म्हणतं आणि ते कपाटात जातं, हे गृहीत धरूनच घ्या. आणखी एक, ते कुठल्या उच्चारात बोलतं ते ऐका. अमेरिकेसाठी बनलेलं यंत्र 'झेड'ला 'झी' म्हणतं. शाळेत झेड आणि घरी झी, असं झालं की पाच वर्षांचं मूल बाईंशी वाद घालतं.

दुसरी जात सगळ्यांसाठीच्या गेमची, ज्यात शोधलं तर शिकण्यासारखं सापडतं. निन्टेंडोचं 'स्विच लाइट' (२०१९) हे त्यातलं हातात धरायचं सरळ यंत्र. साधारण आठ वर्षांच्या पुढे मी हे सुचवते, कारण कोडी सोडवणं, नकाशा वाचणं, मोजून-मापून बांधणं हे गेमच्या पोटात येतं, वर 'शैक्षणिक' असं लिहिलेलं नसतं, आणि म्हणूनच मुलं ते मनापासून करतात. खोक्यावरचा वयाचा आकडा मात्र नीट समजून घ्या. युरोपातल्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात. '३' म्हणजे तीन वर्षांच्या मुलाने पाहू नये असं आत काही नाही, इतकंच. तीन वर्षांच्या मुलाला ते खेळता येईल असा त्याचा अर्थ नाही. माझ्या भावाने हाच घोळ केला आणि पाच वर्षांची पोर वाचता न येणाऱ्या सूचनांसमोर रडत बसली.

तिसरी जात माझी लाडकी: स्वतः गेम बनवायचा आणि मग हातात घेऊन खेळायचा. मायक्रोसॉफ्टचं 'मेककोड आर्केड' ब्राउझरमध्ये फुकट चालतं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, शेजारच्या छोट्या पडद्यावर गेम लगेच हलायला लागतो. पडदा फक्त १६० बाय १२० ठिपक्यांचा, त्यामुळे चित्र काढणं मुलांच्या आवाक्यात राहतं. त्यावर चालणारी हातातली यंत्रं मिळतात, 'पायगेमर' आणि 'मियोबिट' ही त्यांतली दोन. केबलने जोडलं की यंत्र पेन ड्राइव्हसारखं दिसतं, फाइल त्यात ओढून टाकायची, झालं. माझ्या भाचीने दहाव्या वर्षी मांजराचा गेम केला. मांजर भिंतीला लागलं की आरपार जाऊन नाहीसं व्हायचं. पाऊण तास ती आणि मी त्या मांजराच्या मागे होतो. शेवटी सापडलं, तिने 'पेक्षा मोठा'च्या जागी 'पेक्षा लहान' घातलं होतं. ते चिन्ह ती आता जन्मात विसरणार नाही. इथे घाई मात्र करू नका. आधी महिनाभर ब्राउझरमध्येच करू द्या. महिन्याने मूल स्वतःहून 'हे माझ्या हातात हवंय' म्हणालं, तरच यंत्र घ्या.

हातात घेऊन बघण्याच्या गोष्टी

वजन बघा. स्विच लाइट साधारण २७५ ग्रॅमचं आहे. मोठ्यांना ते काहीच नाही, पण मुलं उताणी झोपून, यंत्र तोंडावर धरून खेळतात. झोप लागली की ते थेट नाकावर.

बॅटरीचं झाकण स्क्रूचं असावं. नखाने उघडत असेल तर घरात लहान भावंड असताना ते आणूच नका, विशेषतः आत बटणासारखा चपटा सेल असेल तर. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना गाठा, वाट बघू नका. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रात परत चार्ज होणारे सेल घालता येतात का ते विचारा. ते दीडऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही यंत्रं उगाच 'बॅटरी संपली' म्हणून ओरडत राहतात.

स्विचचं गेम कार्ड नखभर असतं आणि सहज तोंडात जातं. म्हणून कंपनीने त्यावर डेनाटोनियम बेन्झोएटचा अतिशय कडू लेप दिलाय. मी चाखून पाहिलं. दोनदा चूळ भरली तरी चव गेली नाही.

हेडफोनची खाच आणि आवाजाला मर्यादा घालायची सोय, दोन्ही हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबलपर्यंत आवाज सुरक्षित धरतात. वेळेचं म्हणाल तर याच संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितलाय, तोही कमी तितका चांगला. मोठ्या मुलांशी भांडण होतं ते तासांवरून नाही, 'एवढं संपू दे'वरून. म्हणून गेमचा एक डाव किती मिनिटांचा, आणि मध्येच थांबवला तर पुढे तिथूनच सुरू होतो का, हे बघा. पाच मिनिटांचे डाव असतील तर 'हा शेवटचा' या शब्दाला अर्थ राहतो. स्विचला पालकांसाठी फोनवर ॲप आहे. वेळ भरल्यावर नुसती सूचना द्यायची की गेम थांबवायचाच, हे त्यात आपण ठरवायचं.

जुनं यंत्र घेत असाल तर कार्ट्रिज (यंत्रात घालायची, गेम साठवलेली छोटी डबी) असलेलंच घ्या. निन्टेंडोच्या '३डीएस' या त्रिमिती चित्र दाखवणाऱ्या जुन्या यंत्राचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला विक्रीसाठी बंद झालं, त्यामुळे त्यात आता नवा गेम विकत उतरवता येत नाही. कार्ट्रिज मात्र घातलं की चालतं, आणि धाकट्याला, शेजारच्याला देताही येतं. ३डीएसपेक्षा २०१३ चं २डीएस लहानांना बरं. सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी त्रिमिती चित्र बघू नये असं कंपनीच सांगते, आणि २डीएसमध्ये ते नाहीच. शिवाय त्याला बिजागरी नाही, आणि बिजागरी आहे तिथे मुलं ती मोडणारच.

यंत्र इंटरनेटला जोडावं लागत असेल तर मुलाचं खरं नाव, फोटो, जन्मतारीख घालू नका. व्हीटेकच्या सर्व्हरवरून २०१५ साली साठ लाखांहून जास्त मुलांची माहिती चोरीला गेली. त्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी कंपनीने २०१८ साली साडेसहा लाख डॉलर भरून तडजोड केली. माझ्या घरच्या यंत्रात मुलाचं नाव 'वाघोबा' आहे आणि जन्म १ जानेवारीचा. वाघोबाचं काही अडलेलं नाही.

आणि 'मेंदू तल्लख होतो', 'बुद्ध्यांक वाढतो' असं खोक्यावर दिसलं की मी खोका परत ठेवते. 'लुमॉसिटी' या मेंदूच्या व्यायामाच्या खेळांच्या कंपनीला असल्याच दाव्यांसाठी २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर मोजावे लागले. सात सक बेचाळीस येणं एवढंच खोक्याने कबूल करावं आणि तेवढं करून दाखवावं.

शेवटचं, भेट म्हणून देणार असाल तर. आदल्या रात्री खोका उघडा. पूर्ण चार्ज करा, अपडेट उतरवा, खातं आणि पालकांचं कुलूप लावून टाका, एक डाव स्वतः खेळा, मग परत पॅक करा. आम्ही हे केलं नव्हतं. वाढदिवसाच्या संध्याकाळी यंत्र आधी चार्ज मागत होतं, मग अपडेट, मग वहिनीचा पासवर्ड, जो वहिनीला आठवेना. साडेनऊला पडद्यावर 'तयार' आलं तेव्हा भाचा रिकामा खोका मिठीत घेऊन झोपला होता.