ल्वारकाठचे शातो रेल्वेने बघताना या चुका टाळा

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यातले शातो (राजे-सरदारांचे वाडे आणि किल्ले) बघायला मोटार हवीच असं काही नाही. आम्ही दोघं तूर शहरात मुक्काम ठोकून पाच दिवस रेल्वेनेच फिरलो. चुका मात्र भरपूर केल्या, आणि बहुतेकींचं मूळ एकच: आधी शातोंची यादी केली आणि वेळापत्रक नंतर उघडलं.

पहिली फसगत पॅरिसहून येतानाच झाली. मोंपार्नासहून निघणाऱ्या बऱ्याच टीजीव्ही (फ्रान्सच्या अतिवेगवान गाड्या) तूरच्या मुख्य स्टेशनात शिरतच नाहीत, शेजारच्या सें-प्येर-दे-कोरला थांबून पुढे जातात. मनमाडकडून पुण्याला येणाऱ्या काही गाड्या दौंड जंक्शन टाळून कॉर्डलाइनवरून निघून जातात ना, तसंच. तिथे उतरून पाच मिनिटांच्या जोडगाडीने तूर गाठायचं. "हे तूर नाही गं, बस खाली," असं नवरा म्हणाला आणि आम्ही थेट पुढचं प्वातिए शहर पाहून आलो.

शनोंसोला जाताना परतीची गाडी आधी बघा. शेर नदीवर पुलासारखा उभा असलेला हा शातो स्टेशनला अगदी लागून आहे, तूरहून अर्धा तास. इतकं सोपं वाटतं म्हणून माणूस गाफील राहतो. गाड्या मोजक्याच, दोन गाड्यांमध्ये कधी कधी काही तासांचं अंतर. वेळापत्रकात 'कार' किंवा 'ओतोकार' लिहिलेलं दिसलं तर ती बस असते. फलाटावर उभं राहून तिची वाट बघू नये. (आम्ही बघितली.) 'दिमांश ए फेत' म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस; त्याआधी 'सोफ' असेल तर त्या दिवशी ती गाडी नाही. आणि ॲपवर शोधताना लक्षात ठेवा, गावाच्या नावाच्या शेवटी एक्स आहे, शातोच्या नावात नाही. उच्चार तोच.

ब्ल्वाच्या स्टेशनचं नाव 'ब्ल्वा-शांबोर' वाचून उतरल्यावर चालत शांबोरचा शातो गाठू, असं समजू नका. तो पंधराएक किलोमीटर दूर आहे. हंगामात बस असते, पण फेऱ्या थोड्या, त्यामुळे बसची वेळ ठरवून मगच रेल्वेचं तिकीट काढा. त्या दिवशी दुसरा शातो घेऊच नका. 1519 मध्ये बांधायला घेतलेल्या या शातोत चारशेहून जास्त खोल्या आहेत आणि मधोमध एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने. एक चढतोय, दुसरा उतरतोय, मधल्या खिडक्यांतून एकमेकांना दिसतात, पण भेट होत नाही. प्वातिएवरून धुमसत असलेल्या जोडप्याला याहून सोयीची वास्तू नाही.

राजगड-रायगड डोक्यात ठेवून आलात तर मात्र हिरमोड होईल. शातो म्हणजे किल्लाच असं नाही. इथले बरेचसे राजे-सरदारांचे ऐषारामाचे वाडे आहेत. बुरूज, तटबंदीच बघायची असेल तर आंजेला जा. 17 बुरुजांचा दणकट किल्ला, स्टेशनपासून चालत जाता येतो.

आंब्वाझचं स्टेशन नदीच्या एका तीरावर आणि शातो दुसऱ्या तीरावर. वीसेक मिनिटांची चाल आहे, चाकांची बॅग ओढत करू नका. लिओनार्दो दा विंचीने शेवटची वर्षं काढली तो क्लो ल्युसे वाडा त्याच्याही पुढे आहे.

आणि जेवण. लहान गावात दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात. शनोंसोच्या बागेतून बाहेर आलो तेव्हा अडीच वाजले होते, पुढची गाडी लांब होती. शेवटी स्टेशनच्या बाकावर बसून सांगलीच्या भडंगाची पुडी फोडली.