ओक आणि चीडच्या (पाईनचं एक झाड) डोंगरी जंगलात पतंग (मॉथ) मोजताय? या चुका टाळा

"चीडच्या जंगलात पतंगच नसतात" असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पहिल्या दोन रात्रींनंतर मीपण तेच सांगत सुटले होते. मग वही नीट बघितली तर ओकमधली रात्र ढगाळ, दमट, अमावस्येच्या जवळची, आणि चीडमधली रात्र स्वच्छ, गार, डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र!! म्हणजे मी दोन जंगलांची नाही तर दोन रात्रींची तुलना करून बसलेले. आपण रात्री पांढऱ्या पडद्याजवळ दिवा लावून त्यावर येणारे पतंग मोजतो, आणि भरलेल्या चंद्रात लाईटवर ते कमी येतात, वारा आणि थंडी असेल तर अजूनच कमी. त्यामुळे दोन्हीकडे एकाच रात्री दिवे लावा, नाहीच जमलं तर आलटून पालटून बऱ्याच रात्री लावा. आणि दिवे अगदी सारखे हवेत, एकीकडे मर्क्युरीचा बल्ब आणि दुसरीकडे छोटी यूव्ही एलईडी असेल तर तो डेटा सरळ सोडून द्या.

याहून मोठी गडबड उंचीची, आणि ती पटकन लक्षातच येत नाही. हिमालयात चीड साधारण खाली, बांज म्हणजे तिथला ओक वर, आणि हजार मीटर चढलं की तापमान साधारण 6 डिग्रीने उतरतं, मग 1200 मीटरवरची चीड आणि 2200 मीटरवरचा बांज घेऊन बसलात तर फरक झाडामुळे पडला की थंडीमुळे हे कसं कळणार? जिथे दोन्ही जंगलं एकाच उंचीवर शेजारी येतात अशी जागा शोधा. तिथेही बांज बहुतेक उत्तरेच्या ओलसर उतारावर आणि चीड दक्षिणेच्या कोरड्या उतारावर असते, तेवढं वहीत लिहून ठेवा. खोलगट जागेत दिव्याचा ट्रॅप लावू नका, रात्री गार हवा तिथेच साचते.

पडद्यावर आलेला पतंग त्याच झाडावर वाढला असं धरून चालू नका. लायकेन मॉथ बघा, ओकमध्ये दिसतात म्हणून ओकच्या खात्यात टाकतो आपण, पण त्यांच्या अळ्या खातात खोडावरचं दगडफूल. खरं नातं अळीवरून कळतं. पांढरी छत्री फांदीखाली उलटी धरा, फांदीवर काठीने दोन-तीन टोले द्या आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. ज्या काड्या हळूच कमान करून चालायला लागतात ना, त्या जिओमेट्रिडच्या (पतंगांचं एक कुळ) अळ्या. केसाळ अळीला मात्र हात लावू नका, खाज दिवसभर जात नाही.

आकड्यांचं थोडक्यात. एकीकडे 400 पतंग आणि दुसरीकडे 40, तर स्पीशीज 400 वाल्या बाजूला जास्त निघणारच, त्यात जंगलाचं काय कौतुक? रेअरफॅक्शन करा (म्हणजे दोन्हीकडून सारखेच पतंग धरले तर किती स्पीशीज निघतील याचा हिशोब) नाहीतर फिशर अल्फा काढा (म्हणजे विविधतेचा एक आकडा, ज्यावर नमुन्याच्या आकाराचा फारसा परिणाम होत नाही). हा अल्फा 1943 च्या पेपरमधला आहे आणि त्यातला एक डेटा इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या लाईट ट्रॅपमधल्या पतंगांचाच होता, म्हणजे आपल्याच कामातून निघालेली गोष्ट.

दहा वाजता दिवा बंद करून झोपायला जाऊ नका, मोठे रेशमी पतंग बरेचदा मध्यरात्रीनंतर येतात. कॅटोकालासारखे काही पतंग तर लाईटपेक्षा गोडावर जास्त येतात, त्यांच्यासाठी खोडाला आंबवलेलं गोड मिश्रण फासून ठेवा. युपिथेसियासारख्या बारक्या पतंगांना फोटोवरून स्पीशीजचं नाव देऊ नका, जीनसवर (स्पीशीजच्या वरचा गट) थांबलात तरी चालतं.

आणि पहाटे उजाडायच्या आत पडद्याजवळ पोचा, पक्ष्यांना जागा दोन दिवसांत पाठ होते. मी एकदा सात वाजता पोचले तर पडद्याखाली नुसते पंख पडलेले. त्यावरून ओळखायचा प्रयत्नही केला, दोनच जमले.