चाकामागे ग्रीस दिसलं तर: डागावरून दोष कसा ओळखायचा

पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळा चिकट थर दिसला की बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. मालक म्हणतो, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. नाहीतर गॅरेजात कुणी वाकून बघतं, 'एक्सल गेलाय' म्हणतं आणि अख्खा ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा फिरता दांडा, गॅरेजात यालाच एक्सल म्हणतात) बदलला जातो. नुकसान दोन्हींत आहे. चाकाच्या आसपास सीव्ही जॉइंट (ड्राइव्हशाफ्टचा वाकत फिरणारा सांधा), हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) बेअरिंग, बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोळीचा सांधा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक), शॉकअप, ब्रेक आणि गिअरबॉक्सचं ऑइल सील इतक्या जागा आहेत, आणि प्रत्येकीतून काही ना काही बाहेर येऊ शकतं. त्यातली एखादी गळती काही आठवडे चालून जाते, तर एखादी असताना गाडी गेटबाहेरही काढू नये.

रंगावर फार विसंबू नका. ग्रीस असो वा ऑइल, धूळ बसली की आठ दिवसांत सगळं काळंच दिसतं. डाग कुठे आहे आणि कसा पसरलाय ते आधी बघा. फिरणारा भाग ग्रीस फेकतो, न फिरणाऱ्या भागातून ते ओघळतं. आणि खाली फरशीवर थेंब पडत असतील तर ते बहुधा ग्रीस नसतंच, पातळ द्रव असतो. सीव्ही जॉइंटवरच्या रबरी टोपीला बूट म्हणतात; फाटलेल्या बूटमधलं ग्रीस उभ्या गाडीखाली सहसा ठिबकत नाही.

बघण्याची तयारी

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा, मग जॅक लावा. डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरताच असतो. हात किंवा डोकं आत घालायचं असेल तर चासीखाली जॅक स्टँड हवाच. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून त्यावर गाडी ठेवू नका, ब्लॉक फुटताना आधी कसलीही सूचना मिळत नाही.

चाक न काढता, गाडी जॅकवर न घेताही बरंच दिसतं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. चाकाची एक कड बाहेर येते, तिथून टॉर्च मारा. हबच्या मागे घड्या असलेली रबरी टोपी दिसेल, तोच बाहेरचा एक्सल बूट. स्टिअरिंग वळवल्यावर बूटच्या एका बाजूच्या घड्या ताणून उघडतात आणि सरळ असताना न दिसणारी चीर तिथेच दिसते. एका बाजूने बघून 'बूट चांगला आहे' म्हणू नका. गाडी पाव चाक पुढे ढकला, पुन्हा बघा. असं चार वेळा केलं की बूटचा पूर्ण घेर तपासून होतो. मग स्टिअरिंग दुसरीकडे वळवून तेच.

तपासणीत दोन गोष्टी हमखास फसवतात. पावसाळ्यापूर्वी काही वॉशिंग सेंटरांत गाडीखाली ऑइल किंवा डिझेलचा फवारा मारतात. त्यानंतर खालचा प्रत्येक भाग गळतोय असंच वाटतं, शिवाय हा फवारा रबराला घातक असतो. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या रस्त्याचं डांबर. ते मडगार्डच्या आत ठिपक्यांनी बसतं, पण काही दिवसांत कडक होतं आणि नखाने टवका निघतो. ग्रीस मऊच राहतं.

डाग कुठे आहे?

*रिमच्या आत, शॉकअपच्या खालच्या भागावर, कॅलिपरच्या (डिस्क ब्रेकच्या पकडीच्या) पाठीवर आणि लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर) एकाच रेषेत काळे फटकारे.* हा बाहेरचा एक्सल बूट. स्विफ्ट, वॅगन आर, आय-ट्वेंटी अशा पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत चाकाजवळच्या ग्रीसचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. आतल्या जॉइंटपेक्षा बाहेरचा जॉइंट स्टिअरिंगबरोबर बराच जास्त वाकतो, म्हणून त्याचा बूट सहसा आधी फाटतो. सुरुवातीला रबर जुनं होऊन घडीच्या तळाशी बारीक भेगा पडतात, मग एखादी भेग आरपार जाते. खडा लागणं, चुकीच्या जागी लावलेला जॅक, सैल क्लिप आणि उंदीर ही बाकीची कारणं. उंदराने कुरतडलेली कड वेडीवाकडी आणि दातांच्या खुणांची असते, वयाने गेलेली चीर घडीला धरून सरळ जाते. उंदीर निघाला तर वायरिंगही लगेच बघून घ्या.

*गिअरबॉक्सच्या बाजूला, इंजिनाच्या खालच्या क्रॉसमेंबरवर (आडव्या लोखंडी पट्टीवर) फटकारे.* हा आतला बूट. ग्रीस सायलेन्सरच्या पाइपवर उडालं तर गाडी थांबवल्यावर जळका वास येतो आणि लोक इंजिन ऑइल शोधत बसतात. याच जागी फटकाऱ्यांऐवजी ओला ओघळ असेल, त्याला गंधकासारखा उग्र वास येत असेल आणि खाली थेंब पडत असतील, तर ते गिअर ऑइल. म्हणजे शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं सील गेलंय. ऑटोमॅटिक गाडीत हेच ऑइल बऱ्याचदा लालसर असतं.

*एखाद्या लहान रबरी टोपीभोवतीच ग्रीसचा गोळा, आजूबाजूला काही उडालेलं नाही.* बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड. हे भाग चाकाबरोबर फिरत नाहीत, त्यामुळे ग्रीस तिथल्या तिथे राहतं. टोपी फाटली की आत पाणी शिरतं आणि जॉइंट ढिला होतो. बॉल जॉइंट पूर्ण सुटला तर चाक आडवं पडतं, म्हणून डाग लहान दिसला तरी हे काम मागे ठेवू नका.

*चाकाच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने पसरलेलं ग्रीस.* हबच्या बेअरिंगचं सील. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग सीलबंद असतं, त्यात ग्रीस भरायची सोय नसते, ते बदलावंच लागतं. चाक उचलून वरून-खालून धरा आणि हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं आणि हलक्या वळणावर तिच्यात पडणारा फरक हीसुद्धा बेअरिंगचीच खूण.

*शॉकअपच्या नळीवर वरून खाली तेलकट ओघळ, त्यावर धूळ.* शॉकअपचं सील. नुसता ओलसर थर असेल तर नजर ठेवा, ओघळ खालच्या टोकापर्यंत आला असेल तर त्या जोडीचे, म्हणजे डावा-उजवा दोन्ही शॉकअप बदला.

*टायरच्या आतल्या भिंतीवर किंवा मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला पातळ, निसरडा ओलावा.* इथे थांबा. हे ब्रेक ऑइल असू शकतं.

ब्रेक ऑइलची खात्री

पांढऱ्या टिश्यूवर तो ओलावा टिपा आणि टिश्यू पाण्याच्या वाटीत बुडवून हलवा. डॉट-३ आणि डॉट-४ प्रकारचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. गिअर ऑइल, शॉकअपचं तेल किंवा ग्रीस असेल तर पाण्यावर तवंग येतो. बोट लावून वास घेत बसू नका, ब्रेक ऑइल त्वचेला झोंबतं आणि रंगावर पडलं तर रंग उठवतं.

नंतर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी बघा. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरतेच, त्यामुळे थोडी कमी दिसली म्हणजे गळतीच असं नाही. पण चाकाजवळ ओलं, वर पातळी उतरलेली, आणि पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय, हे सगळं जुळलं तर गाडी चालवू नका. गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे असलं तरी उचलूनच न्या. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारी नळी) गळत असेल तर ऑइल प्यालेले लायनर (ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे) धुऊन, घासून पुन्हा बसवू नका. गरम झाले की ते पुन्हा ऑइल सोडतात आणि गाडी एका बाजूला ओढते. लायनर दोन्ही चाकांचे बदलायचे.

ईको, बोलेरो, सुमो अशा मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत ड्रममध्ये सापडलेलं ऑइल डिफरन्शियलचंही (मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) असू शकतं. एक्सलच्या टोकाचं सील गेलं की गिअर ऑइल नळीतून वाहत ड्रममध्ये येतं. सील बदलण्याआधी एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर (हवा जाण्याचं छोटं तोंड) तपासा. तो चिखलाने बुजला असेल तर तापलेल्या हवेचा दाब सीलवर येतो आणि नवं सीलही गळायला लागतं. गिअर ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं असेल तरी तेच. मारुती जिप्सीच्या पुढच्या एक्सलला चाकाशी गोलाकार बंद नकल (चाक वळवणारा सांध्याचा डबा) असतं. तिथून घट्ट ग्रीसऐवजी पातळ काळं पाणचट मिश्रण गळत असेल तर आतलं सील गेलंय आणि गिअर ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. बाहेरचा फेल्ट (नमद्याची कडी) बदलून ते थांबणार नाही.

बूट फाटलाय, जॉइंट वाचेल का?

सगळा खर्च या उत्तरावर ठरतो. बूट, दोन क्लिपा आणि ग्रीसची पुडी मिळून जे किट येतं, त्याच्या कितीतरी पट किंमत जॉइंटची असते. मजुरीत मात्र फार फरक नसतो. म्हणून खराब जॉइंटवर नवा बूट चढवणं म्हणजे तीच मजुरी दोनदा देणं.

हातमोजा घालून चिरेतून थोडं ग्रीस काढा आणि दोन बोटांत चोळा. गुळगुळीत, काळं-करडं असेल तर आशा आहे. किरकिर लागली तर आत माती गेली आहे. दुधट झालं असेल तर पाणी, तांबूस असेल तर गंज.

मग आवाज ऐका. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून १०–१५ किमी वेगाने हलका ॲक्सिलरेटर देत गोल फिरा. डावीकडे, उजवीकडे आणि रिव्हर्समध्येही. काचा खाली ठेवा. भिंतीच्या कडेने फिरलात तर आवाज परत येऊन स्पष्ट ऐकू येतो. वेगाबरोबर जलद होणारी कट-कट-कट म्हणजे बाहेरच्या जॉइंटमधल्या गोळ्यांच्या खाचा झिजल्या; तो जॉइंट बदलायचा. आवाज नाही आणि ग्रीस स्वच्छ आहे, तर नुसता बूट पुरे. आतला जॉइंट कट-कट करत नाही. तो गेला की सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते.

चीर नवी असेल तर सुक्या दिवसांत थोडे दिवस मिळतात. पावसाळ्यात ती मुदत धरू नका. पाण्यातून दोन-चार फेऱ्या झाल्या तरी जॉइंटमध्ये चिखल शिरलेला असतो. दुरुस्तीपर्यंत त्या बाजूला प्रेशरने पाणी मारू नका. चिरेवर चिकटपट्टी किंवा ट्यूबचा तुकडा गुंडाळूनही उपयोग नाही, पहिल्या वळणाला निघतो.

बूट बदलताना काय बिघडतं

हे काम स्वतः करायचं तर टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा), सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर आणि क्लिप दाबायचा प्लायर हवा. गॅरेजात करून घेत असाल तर पुढच्या गोष्टींवर लक्ष ठेवा.

एक्सल नट (ड्राइव्हशाफ्टला हबशी धरणारा मधला मोठा नट) चाक जमिनीवर असतानाच सोडवतात. आधी त्याची दाबलेली कड छिन्नीने वर उचलायची. परत बसवताना नवाच नट घ्यायचा, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचा आणि कड पुन्हा दाबायची. नुसतं पाइप लावून 'घट्ट' केलं तर कमी-जास्त दाबाचा भुर्दंड हबच्या बेअरिंगला बसतो. शाफ्ट हबमधून निघत नसेल तर आट्यांवर लोखंडी हातोडी मारू देऊ नका. मध्ये पितळी तुकडा ठेवायचा.

काही गाड्यांत बाहेरचा जॉइंट ठोकून सर्क्लिपवरून सुटतो. काहींत तो खोलायचाच नसतो. आतला तीन रोलरचा जॉइंट काढून बूट त्या बाजूने सरकवतात. रोलरच्या तुकड्यावर आणि शाफ्टवर आधीच रंगाची खूण करा, म्हणजे तो होता त्याच स्थितीत परत बसेल. आतला जॉइंट गिअरबॉक्समधून ओढला की गिअर ऑइल गळतंच. तेवढं परत भरायचं, आणि सीलच्या ओठाला ओरखडा आला असेल तर सील तेव्हाच बदलायचं.

जुनं ग्रीस पूर्ण काढा. केरोसिनने धुतलं तर जॉइंट नीट वाळू द्या, आत राहिलेलं केरोसिन नवं ग्रीस पातळ करतं. बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं सीव्ही ग्रीस लागतं. गॅरेजच्या डब्यातलं साधं चासी ग्रीस तो दाब सोसत नाही. आतल्या जॉइंटचं ग्रीस काही गाड्यांत वेगळं असतं, म्हणून दोन्ही पुड्या सरमिसळ करू नका. पुडीत दिलेलं सगळं ग्रीस वापरायचं, लहान गाड्यांत ते साधारण ८० ते १२० ग्रॅम भरतं. बहुतेक भाग गोळ्यांच्या मध्ये बोटाने दाबून भरायचा, उरलेलं बूटमध्ये. जास्त भरलं तर फिरताना क्लिपखालून बाहेर येतं.

बूटची दोन्ही टोकं आपापल्या खाचेत बसली की लहान टोकाखाली बोथट पातळ स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा सोडा, मगच क्लिप दाबा. हवा अडकली तर बूट फुगतो. कमी राहिली तर घड्या आत ओढल्या जाऊन शाफ्टला घासतात. क्लिपऐवजी प्लॅस्टिकचा टाय किंवा तार लावली असेल तर काम परत पाठवा. जॉइंट न काढता चिकटवून बसवायचा दोन फाकांचा बूट अडचणीच्या वेळी ठीक, पण जोडावर ग्रीसचा हात लागला की तो चिकटत नाही.

शेवटी रिम, शॉकअप आणि लोअर आर्म चिंधीने स्वच्छ पुसा. डिस्क आणि पॅडवर ग्रीस उडालं असेल तर डिस्क ब्रेक क्लीनरने साफ करा. ग्रीस प्यालेले पॅड मात्र बदला, दोन्ही बाजूंचे. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि स्टिअरिंग वळवून नव्या बूटवर टॉर्च मारा. पहिल्या दिवशी क्लिपच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ दिसली तर ती बसवतानाची असते, पुसून टाका. पुसूनही पुन्हा आली तर क्लिप नीट दाबलेली नाही; बूट फाटण्याआधी क्लिप बदलून घ्या.