एफ/१.८ वर डोळ्याऐवजी कान शार्प येत होता, तो फोकस असा सुधारला

५० एमएम लेन्स, एफ/१.८ म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं आणि शार्प भाग अगदी पातळ. फोकस डोळ्यावर, पण शार्प मात्र कान. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोकस केला, की तीच लेन्स चोख! म्हणजे काच ठीक आहे, डीएसएलआरचा फोकस सेन्सर मागे चुकतोय.

ट्रायपॉडवर कॅमेरा लावला. अडीच मीटरवर, म्हणजे फोकल लेंग्थच्या ५० पट अंतरावर, छापील कागद कॅमेऱ्याला समांतर चिकटवला आणि शेजारी तिरकी फूटपट्टी ठेवली. मधला फोकस पॉइंट, टायमर. प्रत्येक फोटोआधी लेन्स एमएफला (हाताने फोकस) टाकून फोकस पार बिघडवायचा आणि परत एएफ (आपोआप फोकस) करायचं. हे टाळलं तर मोटर जागची हलतच नाही, निकाल फसवा येतो. मग एएफ फाइन ट्यून, म्हणजे मेनूतली फोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सोय; उणे आकडा फोकस कॅमेऱ्याकडे आणतो. −५ ला फरक जेमतेम. −८ ला पट्टीवरचे आकडे पुढे-मागे सारखेच धूसर झाले. झूम लेन्सला मात्र दोन्ही टोकं तपासा, एकच आकडा सगळीकडे चालेलच असं नाही.