गोकर्णाचा वेल वर वर चाललाय पण फूल एक नाही? या चुका टाळा

गोकर्ण इतका चिवट वेल आहे की कुंपणाच्या कडेला कुणी न लावताही उगवतो, आणि तरी "माझ्याकडे फुलतच नाही हो" ही तक्रार मी सगळ्यात जास्त याच्याच बाबतीत ऐकलीये. कारण एकच, लाड. मी पण केलेत. पहिल्या वर्षी दर पंधरा दिवसांनी न चुकता खत घातलं, वेल गच्च हिरवागार होऊन थेट छतापर्यंत गेला आणि अख्ख्या सीझनला फुलं किती, तर तीन!

झालं काय होतं ते वेल उपटला तेव्हा कळलं. गोकर्ण शेंगवर्गातला, म्हणजे वाटाणा-चवळीच्या भावकीतला. याच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन पकडून वेलाला देतात. अशी एखादी गाठ नखानं फोडून बघा, आतून गुलाबी निघाली की समजायचं काम चालू आहे. आता ज्याच्या घरातच नायट्रोजनची सोय आहे त्याला आपण वरून अजून युरिया नाहीतर भारी शेणखत देतो, मग तो पानंच काढणार ना, फुलं कशाला काढेल. आणि आयता नायट्रोजन मिळायला लागला की गाठी पण कमी धरतात. खताच्या पाकिटावर तीन आकडे असतात, त्यातला पहिला नायट्रोजनचा, तो मोठा असेल तर ते पाकीट गोकर्णासाठी नाही. लावताना मातीत थोडं गांडूळखत मिसळलं की बस. आधीच जास्त झालं असेल तर खत पूर्ण बंद करा, लांबलेले शेंडे खुडा आणि वाट बघा. माझ्याकडे साधारण महिन्याभरात कळ्या दिसल्या.

खत बंद करूनही फूल नसेल तर ऊन मोजा, आणि अंदाजानं नाही, खरंच घड्याळ लावून. सहा तास थेट ऊन हवं. "उजेड भरपूर येतो" म्हणजे ऊन नव्हे.

अजून एक गंमत म्हणजे वेल आधी छान फुलतो आणि मग अचानक थांबतो. तेव्हा शेंगा बघा. गोकर्णाचं फूल बहुतेक वेळा स्वतःचं परागीभवन स्वतःच उरकतं, मधमाशी नाही आली तरी शेंग धरते, आणि शेंगा लटकायला लागल्या की वेलाचा सगळा जोर बियांकडे जातो. बी हवं असेल तर एका फांदीवरच्या शेंगा ठेवा, बाकीच्या कोवळ्या असतानाच तोडून टाका. फूल तसंही दिवसभराचंच पाहुणं, रोज तोडलंत तर वेलाचं काही बिघडत नाही, उलट नवीन कळ्या येत राहतात.

बी रुजत नाही

बियांचं साल एवढं कडक असतं की पाणी आतच शिरत नाही, त्यामुळे काही बिया दहा दिवसांत उगवतात आणि काही महिनाभर मातीत गोट्यांसारख्या पडून राहतात. लोकांना वाटतं बी खराब निघालं, म्हणून दुसरं पाकीट आणतात, त्याचंही तेच होतं. उपाय अगदी सोपा आहे. बी चिमटीत धरायचं, त्याच्यावर जो बारीक डोळा दिसतो तो बोटाकडे ठेवायचा आणि उलट्या बाजूनं नेलकटरनं सालीचा टवका काढायचा, आतला फिकट भाग जेमतेम दिसेल इतकाच, खोल गेलात तर बी कुजणार. टवका नको असेल तर सँडपेपरवर चार वेळा घासा. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या दिसतील आणि काही तशाच चकचकीत काळ्या. फुगलेल्या लावा, न फुगलेल्यांना परत घासा. फेकू नका!

आणि लावायचं तर शेवटी जिथे ठेवायचंय त्याच कुंडीत लावा. याचं मूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की रोप रुसून बसतं. छोट्या कपात उगवलं असेल तर चार-पाच पानांवर असतानाच मातीच्या गोळ्यासकट हलवा. कुंडी खोल हवी, पसरट नको.

पानं पिवळी पडतात तेव्हा हात आधी पाण्याकडे जातो, तो आवरा. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको, खालची पानं बरेचदा जास्त पाण्यानंच पिवळी होतात. माती कोरडी असेल आणि पानांवर सुई टोचल्यासारखे फिकट ठिपके असतील तर पान उलटं करून बघा, बारीक जाळी दिसली की ती लाल कोळी नावाची कीड. पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या मागच्या बाजूनं मारा, दोन-तीन दिवसांनी परत. मावा असेल तरी आधी हेच करा. फुलं पोटात जाणार असतील तर वेलावर कुठलंही कीटकनाशक नको, आणि नर्सरीतून आणलेल्या रोपाची पहिली फुलं नुसती बघायची, त्याच्यावर काय मारलंय कुणाला माहीत.

कडाक्याच्या थंडीत वेल वाळल्यासारखा दिसतो, लगेच उपटू नका. हातभर ठेवून छाटा, ऊब आली की खालून फुटेल. पण हिम पडलं तर मात्र संपला, तिथे दरवर्षी बी लावायचं.

ओळखण्यात होणारी चूक

शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नाटिया. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्यानं 1753 मध्ये नोंदवलं, आणि टर्नाटिया हे इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून. सेंट्रोसेमा नावाचा दुसरा एक वेल थेट असंच फूल देतो, म्हणजे मोठी पाकळी खाली आणि बाकी सगळं वर, जणू फूल उलटं टांगलंय. फुलावर जाऊ नका, पान बघा. सेंट्रोसेमाला तीन पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, गोकर्णाला सहसा पाच नाहीतर सात.

यापेक्षा मोठा घोळ औषधात होतो. शंखपुष्पी या एकाच नावाखाली वेगवेगळ्या झाडांच्या पावडरी मिळतात, काही ठिकाणी गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणतात. पावडर झाल्यावर डोळ्यांनी ओळखणं अशक्य, म्हणून पाकिटावर शास्त्रीय नाव नसेल तर मी तरी घेत नाही.

फुलं वाळवताना लोक कडक उन्हात टाकतात आणि मग रंग उडाला म्हणून रडतात. सावलीत, वारा लागेल असं, एका थरात पसरा. पाकळी कागदासारखी कुरकुरीत झाली तरी मागचा हिरवा भाग ओला असतो, तिथूनच बुरशी धरते, तो आधीच खुडून टाकलेला बरा. मग घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात. गरम पाण्यात पाच-सहा फुलं चार-पाच मिनिटं पुरतात, उकळत बसू नका. लिंबू पिळल्यावर निळ्याचं जांभळं झालं तर घाबरू नका, भेसळ नाही, त्यातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबटपणानं रंग बदलतं. चवीची मात्र फार अपेक्षा ठेवू नका, गवताळ लागतं.

आता "नैसर्गिक आहे, कितीही प्या" हे ऐकून घेऊ नका. अमेरिकेत 2021 मध्ये या फुलाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी मिळाली, आणि 2022 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं वाळलेल्या फुलांवर सुरक्षिततेची हरकत घेतली, यातल्या सायक्लोटाइड नावाच्या प्रथिनांमुळे. मी कधीमधी एखादा कप घेतो, रोज नाही. गरोदर असाल किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मूळ आणि बी तर घरच्या घरी वाटून घ्यायचंच नाही, दोन्ही जबरदस्त रेचक आहेत. शेंगा अगदी मटारच्या धाकट्या बहिणीसारख्या दिसतात, लहान मुलं सोलून तोंडात टाकतात, तेव्हा बियांसाठी राखलेली फांदी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी वरच बांधा.