बँकेवर निर्बंध आले: पाच लाखांचा विमा पदरात कसा पाडून घ्यायचा

रिझर्व्ह बँकेच्या आदेशाची प्रत शटरवर चिकटली की तासाभरात दोन बातम्या फिरू लागतात: बँक बुडाली, आणि सरकार सगळे पैसे देणार. दोन्ही चुकीच्या. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली आलेले निर्बंध म्हणजे परवाना रद्द होणं नव्हे. ते साधारण सहा महिन्यांसाठी येतात आणि पुढे वाढवले जाऊ शकतात. तेवढ्या काळात नवी कर्जं, नव्या ठेवी बंद आणि पैसे काढण्यावर मर्यादा. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत २३ सप्टेंबर २०१९ला ही मर्यादा हजार रुपये होती. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १३ फेब्रुवारी २०२५ला ती चक्क शून्य होती, २७ फेब्रुवारीपासून २५,००० झाली.

ठेवीदाराला मिळतो तो पैसाही सरकारी तिजोरीतला नसतो. तो ठेव विमा आणि पतहमी महामंडळाचा, म्हणजे डीआयसीजीसीचा. त्याचा हप्ता बँका भरतात (२०२० साली दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे झाला), ठेवीदाराच्या खात्यातून तो कापायचा नसतो. केरळची पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० साली बुडाल्या, त्यातून १ जानेवारी १९६२ला ही व्यवस्था उभी राहिली. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं, ४ फेब्रुवारी २०२०पासून ते ५ लाखांचं आहे.

कामाला लागण्याआधी हिशेब करा. तो भल्याभल्यांचा चुकतो, कारण पाच लाख हे खात्याला नाहीत, ठेवपावतीलाही नाहीत. एका बँकेत, एका माणसाला, एका नात्याने (एकट्याच्या नावे, संयुक्त किंवा पालक म्हणून) असलेल्या सगळ्या ठेवींची बेरीज धरतात, शाखा कितीही असोत. मुद्दल आणि निर्बंधाच्या तारखेपर्यंतचं व्याज दोन्ही त्यातच. म्हणून नेमकी पाच लाखांची मुदत ठेव करणं ही हौसेची चूक आहे. व्याज पहिल्या दिवसापासून विम्याबाहेर जातं.

समजा सुनीलचे बचत खात्यात ६०,०००, दुसऱ्या शाखेत ४,८०,०००ची मुदत ठेव आणि स्वतःच्या एकट्याच्या मालकीच्या दुकानाच्या चालू खात्यात १,२०,००० आहेत. दुकानाचं नाव वेगळं असलं तरी मालक तोच, त्यामुळे बेरीज ६,६०,००० आणि विमा ५,००,०००. सुनील-मेधा अशी संयुक्त ठेव ३,००,०००ची असेल तर ती वेगळी धरतात. मेधा-सुनील या क्रमाने २,५०,००० असतील तर तेही वेगळे, कारण नावांचा क्रम बदलला की नातं बदललं असं महामंडळ मानतं. अज्ञान मुलाचा पालक म्हणून ठेवलेले १,००,०००ही निराळे. एकूण १३,१०,०००पैकी ११,५०,००० सुरक्षित. याच सुनीलची बँकेला २,००,०००ची देणी असतील, तर ती आधी ठेवीतून वळती होतात आणि उरलेल्या रकमेला विमा लागतो: ६,६०,००० वजा २,००,०००, म्हणजे ४,६०,०००. ते सगळे मर्यादेत बसतात.

आता तारखा. २०२१च्या दुरुस्तीने डीआयसीजीसीच्या कायद्यात कलम १८अ आलं आणि परवाना रद्द होण्याची वाट पाहणं संपलं. निर्बंधाच्या दिवसापासून ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची, पुढच्या ३० दिवसांत पडताळणी, त्यानंतर १५ दिवसांत पैसे. एकूण ९० दिवस. १३ फेब्रुवारी २०२५ धरून मोजा: यादी ३० मार्चपर्यंत, पैसे १४ मेपर्यंत. बँक दुसऱ्या बँकेत विलीन करण्याची योजना आखली जात असेल तर आणखी ९० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. परवाना रद्द होऊन अवसायक (बँक गुंडाळणारा अधिकारी, लिक्विडेटर) नेमला गेला तर घड्याळ वेगळं: त्याने तीन महिन्यांत यादी द्यायची आणि ती मिळाल्यावर महामंडळाने दोन महिन्यांत पैसे द्यायचे.

तुमचं काम पहिल्या ४५ दिवसांतलं. शाखेत विम्याचे पैसे घेण्याच्या संमतीपत्राचा नमुना मिळतो. तो भरा, आधार आणि पॅनच्या स्वसाक्षांकित प्रती जोडा, आणि ज्यात पैसे यायला हवेत त्या दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा रद्द केलेला चेक द्या. पासबुकात शेवटची नोंद करून घ्या, सगळ्या ठेवपावत्यांचे फोटो काढून ठेवा. अर्ज दिल्याची शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. अर्ज तुमच्याच बँकेत द्यायचा, थेट महामंडळाकडे नाही. त्यासाठी शुल्क नाही, म्हणून 'क्लेम काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच निरोप द्या.

बहुतेकांचे पैसे अडकतात ते कायद्यामुळे नाही, कागदांमुळे. बँकेत 'सुनील डी. पाटील' आणि आधारवर 'सुनिल दत्तात्रय पाटील'. दिलेलं खातं वर्षानुवर्षं वापरात नाही म्हणून रक्कम परत जाते. बँका एकत्र झाल्यावर आयएफएससी बदलला आणि चेकबुक जुनंच राहिलं. मुलगा अठरा पूर्ण होऊन चार वर्षं झाली, खातं अजून 'अज्ञान, पालक वडील'. सर्वांत चिवट अडचण संयुक्त खात्याची. दोघांपैकी एक वारला, मृत्यूचा दाखला बँकेला कधी दिलाच नाही, आणि आता सह्या दोघांच्या हव्यात. नॉमिनी असेल तर दाखला आणि ओळखपत्रावर काम पुढे सरकतं, नसेल तर वारसांची कागदपत्रं गोळा करताना ४५ दिवस कधीच निघून जातात. म्हणून घरात बसून रडण्याआधी प्रत्येक ठेवपावतीवरचं नाव आधारशी अक्षर न अक्षर ताडून पाहा.

दरम्यान कर्जाचे हप्ते भरत राहा. ठेव अडकली म्हणून कर्ज थांबत नाही, थकलं तर व्याज वाढतं आणि सिबिल खराब होतो ते वेगळंच. या खात्यातून जाणारे विजेचं बिल, विम्याचा हप्ता, एसआयपी लगेच दुसऱ्या खात्यावर वळवा आणि पगार कुठे जमा करायचा ते कंपनीला कळवा. पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर ज्यांना दिलेत त्यांना आजच फोन करा.

पाच लाखांवरच्या रकमेचं काय, याला एकच उत्तर नाही. बँक कुणी घेतली आणि कोणत्या अटींवर घेतली यावर ते ठरतं. न्यू इंडिया ४ ऑगस्ट २०२५ला सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवी पूर्ण तिकडे गेल्या. पीएमसीची कथा लांब आहे. २५ जानेवारी २०२२ला ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली, आणि विम्याच्या मर्यादेपलीकडचे पैसे व्यक्तिगत ठेवीदारांना पहिल्या आणि दुसऱ्या वर्षअखेरीस ५०,००० प्रत्येकी, तिसऱ्या वर्षी १ लाख, चौथ्या वर्षी अडीच लाख, पाचव्या वर्षी साडेपाच लाख आणि त्यापलीकडचे दहा वर्षांनी, असे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांना तर ८० टक्के रकमेचे १ टक्का लाभांशाचे प्रेफरन्स शेअर मिळाले. मोठ्या खासगी बँकेचं वेगळं असू शकतं. येस बँकेवर ५ मार्च २०२०ला ५०,००० रुपयांची मर्यादा आली आणि स्टेट बँकेने ६,०५० कोटी ओतल्यावर १८ मार्चच्या संध्याकाळी ती उठली.

पतसंस्था मात्र या सगळ्याच्या बाहेर आहेत, मल्टिस्टेट असली तरी. नावात 'बँक' नसलेल्या अशा संस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा नाही. दोन टक्के जास्त व्याज ते याच जोखमीचं. आपली बँक विमाधारक आहे का, हे महामंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव शोधून पाहा. बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही डीआयसीजीसीचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड असायला हवा. गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार असाल तर लक्षात ठेवा: संस्था म्हणजे एकच ठेवीदार. सभासद दीडशे असले तरी सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी मिळून एका बँकेत विमा पाच लाखांचाच.